सोमवारीच केलेल्या सह्या

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

आज ऑफिसात कुणाचंच काही काम झालं नाही, तरी इतकी दमले आहे की जेवायलाही बसवेना. हे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

सकाळी दहाला कॉम्प्युटर सुरू केला तर पडद्यावर लाल चौकट. तुमच्या सगळ्या फाइली आम्ही कुलपात घातल्या आहेत, सोडवून हव्या असतील तर पाच दिवसांत पैसे भरा. मला वाटलं माझंच काहीतरी बोट चुकीच्या जागी पडलं. शेजारच्या टेबलावर पाहिलं तर तेच. पाणीपट्टी, बांधकाम परवाने, आमचं जन्म-मृत्यू नोंदणीचं खातं, अख्ख्या नगरपालिकेत तीच चौकट.

वैद्यबुवा जिना चढून धापा टाकत आले. हे आमचे कॉम्प्युटर बघणारे, कंत्राटदाराकडून आलेले, पन्नाशीचे. कॉम्प्युटरचं काहीही दुखणं असो, त्यांचं औषध ठरलेलं: बंद करा, दहा आकडे मोजा, सुरू करा. म्हणून सगळे त्यांना वैद्यबुवा म्हणतात. आज त्यांनी एकही आकडा मोजला नाही. "वायरी उपटा, आधी वायरी उपटा," म्हणत टेबलाखाली शिरले.

साहेब स्वतः वर आले. मला म्हणाले, "ताई, रोजची नक्कल ठेवतो ती डिस्क आहे ना आपल्याकडे?"

मी म्हटलं, "आहे की." आणि कपाटाची किल्ली काढली.

मागच्या छोट्या खोलीत मी आणि वैद्यबुवा गेलो. डिस्क कपाटात नव्हती. मशीनला जोडलेली होती आणि तिचा निळा दिवा लुकलुकत होता. त्यांनी ती उघडून पाहिली, आतही तेच. ते डिस्ककडे बघत राहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बाहेर गेले.

आता खरं लिहिते. रोज चार वाजता डिस्क जोडायचं काम वैद्यबुवांचं. दिवसभराच्या नोंदी तिच्यात उतरल्या की ती काढून लोखंडी कपाटात ठेवायची, कुलूप लावायचं आणि नोंदवहीत सही करायची, हे काम माझं. कपाटात असली की कुठल्याही चोराचा हात तिच्यापर्यंत पोचत नाही, एवढं साधं गणित. पण मार्चपासून जुन्या कागदांचे फोटोही तिच्यात जायला लागले आणि उतरायला साडेपाच-पावणेसहा वाजायला लागले. माझी बस सव्वापाचची. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांच्याकडे बघणारी बाई सहाला निघायची. एक दिवस डिस्क तशीच सोडून गेले. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. मग रोजच सोडून जायला लागले. सह्या मात्र चुकवल्या नाहीत. सोमवारी बसले की शुक्रवारपर्यंतच्या पाचही करून टाकायची. तपासणीला येणारे नोंदवही बघतात, कपाट कुणी उघडत नाही.

चारला जोडायला आल्यावर ती आधीच जोडलेली बघून वैद्यबुवा काही म्हणतील अशी सुरुवातीला धाकधूक होती. त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून मी कधी सांगितलं नाही.

सासूबाई जूनमध्ये गेल्या. मी सव्वापाचचीच बस पकडत राहिले.

काल संध्याकाळी किती खुशीत होतो सगळे. लेकीचा लॅपटॉप ऐन मुलाखतीच्या आदल्या दिवशी बंद पडला, तर मी वैद्यबुवांना हाताला धरून सव्वापाचच्या बसमध्ये घातलं. ते म्हणत होते, "ताई, सहानंतर येतो, थोडं काम आहे." मी म्हटलं, काम उद्या पळून जात नाही, पोरीचा जीव टांगणीला लागलाय. आले बिचारे. आठ वाजेपर्यंत बसून दुरुस्त करून दिला, वर दोन कप चहाखेरीज काही घेतलं नाही. आज तिची मुलाखत चांगली झाली. घरात ती गुणगुणतेय आणि मी इथे दार लावून बसले आहे.

शनिवार, १० ऑक्टोबर

सुट्टी असून बोलावलं. खंडणी द्यायची नाही असं वरून ठरलं, ते बरंच झालं. पण आमच्या कागदी वह्या सहा वर्षांपूर्वी बंद झाल्या. बंद केल्या तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढे होते. आता सहा वर्षांत जन्मलेला आणि गेलेला प्रत्येक माणूस त्या लाल चौकटीमागे आहे. दवाखान्यांकडून याद्या मागवून एकेक नोंद पुन्हा उभी करायची म्हणतात. वर्ष लागेल.

वैद्यबुवा सकाळी सहापासून आलेले होते. मला म्हणाले, "डिस्क कपाटात असती तर दोन दिवसांत सगळं उभं केलं असतं." टोमणा मारल्यासारखं नाही, सहज म्हणाले. मी कपाटातून कार्बन पेपर शोधत राहिले.

सोमवार, १२ ऑक्टोबर

चौकशीसाठी बाहेरून एक बाई आल्या आहेत. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण आवाज न चढवता माणसाला घाम फोडतील अशा.

चोर आत शिरला तो कुणीतरी उघडलेल्या एका मेलमधून. ती मेल कुणी उघडली याचा शोध पहिल्या मजल्यापर्यंत गेला आणि तिथेच बसला. पहिल्या मजल्यावर साहेब बसतात. तेव्हा आता सगळा रोख डिस्कवर.

बाईंनी नोंदवही समोर ठेवली. "या सह्या तुमच्याच ना?"

मी म्हटलं, "हो."

"गुरुवारचीही?"

"हो, माझीच."

त्यांनी पान उलटलं आणि म्हणाल्या, "सत्तावीस वर्षांची नोकरी, एकही शेरा नाही. ठीक आहे, तुम्ही जा."

एवढंच. जिन्यात येईपर्यंत मी स्वतःला बजावत होते की मी खोटं काही बोलले नाही. सह्या माझ्याच आहेत. डिस्क काढली का, असं त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. असतं का? इथे तरी कशाला थापा मारते आहे.

माझ्या सहीप्रमाणे गुरुवारी डिस्क कपाटात गेली. शुक्रवारी ती मशीनला जोडलेली मिळाली. म्हणजे मधे कुणीतरी कपाट उघडून जोडली. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, दुसरी वैद्यबुवांकडे. हे गणित बाईंच्या डोक्यात माझ्यासमोरच जुळलं, मला दिसलं, आणि मी पदर सावरून उठले.

बुधवार, १४ ऑक्टोबर

आज खिडकीशी एक बाई आली, कडेवर नऊ-दहा महिन्यांचा मुलगा. तिचा नवरा परदेशी कामाला, पोराच्या जन्माचा दाखला मिळाला की दोघांना बोलावून घेणार. मी म्हटलं नोंद सापडत नाहीये, दवाखान्याचं पत्र आणा, दोन साक्षीदार आणा, अर्ज करा, मग बघू.

ती म्हणाली, "अहो, तो माझ्या कडेवर बसलाय. तुमचा पेन ओढतोय. आणि तुम्ही मला विचारताय तो जन्मला का?"

रांगेतले हसले, मीही हसले, आणि मग पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेले. तो जन्मला तो दवाखाना यंदा मे महिन्यात बंद पडलाय. पत्र कुठून आणणार ती.

दुपारी कळलं की वैद्यबुवांनी चौकशीच्या बाईंना सरळ सांगून टाकलं: गुरुवारी डिस्क जोडलेली राहिली ही माझी चूक. मला धक्काच बसला. त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"तुम्ही असं का सांगितलंत?"

"कुणीतरी सांगायला हवं होतं, ताई. तीन दिवस सगळ्यांना रांगेत बसवून विचारपूस चाललीय, कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीत. आता देतील. बाहेर लोक खोळंबलेत."

"पण चूक तुमची कशी?"

"गुरुवारी माझी फेरी राहिली ना."

"कसली फेरी?"

 ते म्हणाले, "असू दे," आणि कामाला गेले.

संध्याकाळी निघताना ते दिवे-पंखे बंद करत फिरतात, ती फेरी म्हणत असतील. साधा माणूस, घाबरून गेलाय, स्वतःचीच चूक वाटायला लागलीय त्याला. मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, आणि मला त्या हाकेचं इतकं बरं वाटलं की स्वतःचीच शिसारी आली.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

लेकीला नोकरी लागली. तिने येऊन मला गरकन फिरवलं. "आई, वैद्यबुवांना सांग हं, त्यांच्यामुळे झालं सगळं. ते आले नसते तर मी गेलेच होते कामातून."

सांगते म्हटलं.

जेवणानंतर यांना सगळं सांगितलं. मार्चपासूनचं, सह्यांचंही. यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत तुझी. आता स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार आहेस?"

"आणि त्यांचं काय?"

"अगं, त्यांनी स्वतःच कबूल केलंय. तू जबरदस्ती केलीस का? कंत्राटी माणूस आहे, आज इथे नाही तर उद्या दुसरीकडे. हातात कला आहे त्यांच्या."

मी भांडायला हवं होतं. पण मला हेच ऐकायचं होतं म्हणून तर मी यांना सांगितलं. लेकीला सांगितलं असतं तर तिने मला त्याच पावली ऑफिसात नेलं असतं. तिला नाही सांगितलं.

सोमवार, १९ ऑक्टोबर

वैद्यबुवांना काढलं. नुसतं काढलं नाही, आसपासच्या सगळ्या नगरपालिकांना पत्र गेलंय की या माणसाला कामावर घेऊ नये. म्हणजे हे म्हणाले ते 'दुसरीकडे'ही संपलं.

ते माझ्या टेबलाशी किल्ली परत द्यायला आले. मी पावती लिहून दिली. तारीख दोनदा खोडली. त्यांनी पावतीची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "ताई, आता डिस्क रोज आठवणीने काढत जा. नव्या माणसाला सवय नसेल."

मी म्हटलं, "हो."

कसली सवय ते मी विचारलं नाही. मला वाटलं, त्यांना सगळं ठाऊक आहे आणि जाता जाता चिमटा काढताहेत. मनातल्या मनात रागही आला मला त्यांचा. बघा म्हणजे, किती निर्लज्ज असावं माणसाने.

ते जिना उतरून जाईपर्यंत सगळं खातं खाली मान घालून कागद चाळत होतं. कुणी निरोपाचे दोन शब्दही बोललं नाही. मी त्यांच्याबरोबर खालपर्यंत जायला उठले आणि जिन्याच्या तोंडाशी थांबले. आज नव्या आठवड्याच्या सह्या करायच्या होत्या. केल्या नाहीत.

बुधवार, २१ ऑक्टोबर

आज साडेपाचपर्यंत थांबले, सहापर्यंत थांबले. नवी डिस्क स्वतःच्या हाताने काढली. कपाटाला कुलूप लावत होते तेव्हा साफसफाईच्या मावशी बादली घेऊन आल्या. मला बघून दारातच थबकल्या.

"आज तुम्ही? बरं झालं. मला वाटलं बुवा गेले, आता हे कोण करणार."

"काय कोण करणार?"

"हेच, ही पेटी. रोज सहाच्या सुमाराला यायचे, काढून कपाटात ठेवायचे. त्यांचे पाय उमटतील म्हणून मी फरशी नंतर पुसायची. एकदा म्हटलं, हे तर ताईंचं काम ना? तर म्हणाले, त्यांच्या घरी आजारपण आहे, त्यांना बस गाठायची असते."

मी खुर्चीवर बसले. म्हटलं, "रोज?"

"रोज. मार्च-एप्रिलपासून असेल. फक्त त्या गुरुवारी आले नाहीत. म्हटलं गेले असतील कुठे."

कुठे गेले होते ते मला ठाऊक आहे. माझ्या घरी, माझ्या सोफ्यावर, मांडीवर माझ्या लेकीचा लॅपटॉप घेऊन बसले होते. सहानंतर येतो म्हणत होते. मी हाताला धरून नेलं.

"मावशी, तुम्ही हे चौकशीत का नाही सांगितलंत?"

"मला कोण विचारतंय?" त्या म्हणाल्या आणि फडकं पिळलं.

सात महिने मी समजत होते की डिस्क रात्रभर तशीच राहते आणि काही बिघडत नाही. बिघडत नव्हतं, कारण माझ्यामागून एक माणूस रोज ते निस्तरत होता. मी सासूबाईंचं दुखणं सांगून सहानुभूती घेतली, त्या गेल्यावर सुद्धा वैद्यबुवांना म्हटलं नाही की आता मला बस गाठायची घाई नाही. ते आपले जूननंतरही माझी बस सांभाळत राहिले.

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईंनी सरकून जागा दिली.

गुरुवार, २२ ऑक्टोबर

चौकशीच्या बाई अहवाल देऊन गेल्या आहेत. साहेबांकडे गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं, आणि लिहून आणलेला कबुलीजबाब पुढे केला. मावशींचं म्हणणंही लिहून त्यांचा अंगठा घेतला होता. माझी निघायची वेळ पाच, ती हजेरीच्या मशीनमध्ये आहे. ते मशीन वेगळं, त्याला चोराचा हात लागला नाही. सात महिने मी पाचला बाहेर पडत होते आणि डिस्क साडेपाचच्या आधी निघूच शकत नव्हती, हे कुणालाही पडताळून बघता येईल, असंही लिहिलं.

साहेबांनी कागद वाचला, उलटा करून ठेवला. "ताई, अहवाल गेला. प्रकरण मिटलं. आता हे कशाला उकरून काढताय?"

"कारण चूक माझी आहे."

"तुमचं मन मोठं आहे, मला कळतं. तुम्ही त्या माणसाला वाचवायला बघताय. पण पुन्हा चौकशी लागली तर ती फक्त डिस्कपाशी थांबणार नाही."

ती पहिल्या मजल्यापर्यंत येईल, हे ते बोलले नाहीत. "ठेवून जा, बघतो," म्हणाले.

सत्तावीस वर्षं मी खिडकीतून लोकांना सांगत आले की पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका. साहेबांच्या टेबलावरून कागद उचलला, खाली आवक विभागात गेले, क्रमांक पाडून घेतला, पोच घेतली, आणि एक प्रत चौकशीच्या बाईंना रजिस्टर टपालाने धाडली. दुसरी त्यांच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिली. आवकवाल्याने कागद वाचला आणि मला बसायला सांगायचं विसरला.

घरी येऊन लेकीला सांगितलं. तिने लॅपटॉप बंद केला आणि आतल्या खोलीत गेली.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

बाईंचा फोन आला. "तुमचं पत्र मिळालं. त्या सोमवारी 'एकही शेरा नाही' असं मीच म्हटलं होतं, ते माझं चुकलं. मी कपाट बघायला हवं होतं." मग म्हणाल्या, "सोमवारपासून तुम्ही कामावर यायचं नाही. चौकशी होईल. साहेबांचीही होईल."

मी विचारलं, "आणि वैद्यबुवांचं?"

"नगरपालिकांना गेलेलं पत्र मागे घ्यायला लावते, तेवढं माझ्या हातात आहे. पण त्यांच्या जागेवर कंत्राटदाराने माणूस भरला. ते परत त्याच खुर्चीत बसतील असं मी सांगू शकत नाही. तुम्ही बारा तारखेलाच बोलला असतात तर हा प्रश्नच आला नसता."

हे यांनाही सांगितलं. हे म्हणाले, "झालं तुझ्या मनासारखं?" मग थोड्या वेळाने स्वतःच चहा करून आणून ठेवला.

शनिवार, २४ ऑक्टोबर

वैद्यबुवांच्या घरी गेले. इतकी वर्षं ओळख, पण घर पहिल्यांदाच पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाल्कनीत उघडलेले रेडिओ आणि पंखे. दार त्यांच्या बायकोने उघडलं. ते बाहेर गेले होते, कुणाचा तरी टीव्ही बघायला.

बसा म्हणाली, पण मी बसायच्या आधीच सगळं बोलून टाकलं, नाहीतर बसले असते आणि गप्पाच मारून आले असते. तिने हातातला टॉवेल चार वेळा उलगडला आणि चार वेळा त्याची घडी केली.

मग म्हणाली, "मला म्हणाले, विसरलो. मी म्हटलं, असं कसं विसरलात? दहा दिवस तेच विचारतेय मी. ताट वाढताना विचारतेय. मुलासमोर विचारलं. माझ्या भावाला फोन करून सांगितलं की यांच्या निष्काळजीपणामुळे आज ही वेळ आली. हे आपले मान खाली घालून म्हणतात, हो, चुकलंच." तिचा आवाज फुटला. "नोकरीसाठी तुम्ही पत्र दिलंत, त्याचं होईल ते होईल. मी जे बोलले ते कुठल्या पत्राने परत घ्यायचं?"

 माझं चुकलं, एवढंच म्हणत राहिले. तिने मला रडू दिलं, थांब म्हणाली नाही, आणि ते योग्यच होतं.

तेवढ्यात ते आले. हातात हत्यारांची पिशवी. मला बघून म्हणाले, "ताई, उभ्या का? बसा ना." मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

ती त्यांना म्हणाली, "मला तरी सांगायचं होतंत."

ते पिशवी खाली ठेवत म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी यांच्या दारात जाऊन उभी राहिली असतीस."

"राहिलेच असते. मग?"

"मग त्या आपणहून आल्या नसत्या."

तिने तोंड फिरवलं. ते माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, "मला वाटलं होतं, त्या सोमवारी बाईंनी बोलावलंय, तेव्हा तुम्ही सांगाल. मंगळवारी पण वाट बघितली. मग म्हटलं, जाऊ दे."

मी दारापाशी येऊन चपला घातल्या. ते जिन्यापर्यंत सोडायला आले, नेहमीसारखे. खाली उतरताना मला त्यांच्या घरातून तिचा आवाज ऐकू आला. ती त्यांची माफी मागत होती.